बोलणे शिकविणाऱ्यांची शाळा

विद्यार्थिमित्रांनो, छत्रपती संभाजीनगरहून पैठणच्या रस्त्याला लागले, की वाटेत बिडकीन लागते. पैठण तालुक्यातील हे मोठे गाव. एकीकडे कापसाची आणि तुरीची शेते, दुसरीकडे नव्या औद्योगिक वसाहतीचे रुंद रस्ते. अशा गावातल्या एका शाळेची कल्पना करा.

सकाळची वेळ आहे. मैदानावर रांगा लागल्या आहेत. प्रार्थना होते, प्रतिज्ञा होते. आठवीतला एक मुलगा सर्वांबरोबर खणखणीत आवाजात प्रतिज्ञा म्हणतो. एकदाही अडखळत नाही. मग पहिला तास सुरू होतो. सर विचारतात, "अन्न तयार करण्यासाठी वनस्पती हवेतला कोणता वायू घेतात?" आपल्या या मित्राला उत्तर पक्के ठाऊक आहे. तो उभा राहतो. "का… का… का…" पुढचे अक्षर बाहेर येतच नाही. ओठ थरथरतात, मान ताठ होते. मागच्या बाकावरून कोणी तरी हसते. सर म्हणतात, "येत नसेल तर बस खाली." तो बसतो. त्यानंतर वर्षभर तो हात वर करीत नाही. वर्षाअखेरीस त्याच्या प्रगतिपुस्तकावर शेरा येतो, 'वर्गात लक्ष नाही.'

हा मुलगा काल्पनिक आहे; पण असा एखादा मुलगा किंवा मुलगी तुमच्याही शाळेत असण्याचा पुष्कळ संभव आहे. त्याच्याविषयी दोन प्रश्न मनात येतात. पहिला असा, की जी जीभ प्रतिज्ञेत घोड्यासारखी धावली, ती दहा मिनिटांनी उत्तर देताना का अडली? आणि दुसरा असा, की दात दुखला तर दाताचा डॉक्टर असतो, डोळ्यांना चष्मा लागला तर डोळ्यांचा डॉक्टर असतो. मग बोलणे अडले तर कोणाकडे जायचे?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देऊ. बोलण्यातील आणि भाषेतील अडचणी ओळखून त्यांवर उपचार करणाऱ्या व्यक्तीस वाचोपचारतज्ज्ञ म्हणतात. लोक साध्या भाषेत स्पीच थेरपिस्ट म्हणतात. ही व्यक्ती शस्त्रक्रिया करीत नाही, बहुधा औषधही देत नाही. तिची साधने म्हणजे चित्रे, आरसा, खेळणी, ध्वनिमुद्रण, कागदाची पट्टी आणि स्वतःचा कान! हे काम शिकण्यासाठी मात्र चार-सहा वर्षे खपावे लागते. ही मंडळी काय शिकतात आणि कशी शिकतात, ते आज पाहू.

भाता, पट्टी आणि खोली

वाजणारी पेटी तुम्ही पाहिली आहे. भाता हवा सोडतो, हवेने पट्टी थरथरते आणि सूर निघतो. आपल्या शरीरातही असेच आहे. फुप्फुसे हा भाता. गळ्यातील स्वरयंत्रात दोन मऊ स्वरतंतू असतात, त्या पट्ट्या. प्रौढ पुरुष बोलतो तेव्हा ते सेकंदाला सुमारे १२५ वेळा, स्त्री बोलते तेव्हा २०० हून अधिक वेळा, आणि लहान मूल बोलते तेव्हा सुमारे ३०० वेळा कंप पावतात. पण पेटीला नाही अशी एक गोष्ट आपल्याजवळ आहे, ती म्हणजे आकार बदलणारी खोली. घसा, तोंड आणि नाक मिळून ही खोली होते. जीभ, ओठ, जबडा आणि टाळू हलवून आपण तिचा आकार सतत बदलतो आणि एकाच सुरातून निरनिराळी अक्षरे घडवितो. सहज गप्पा मारतानाही आपण सेकंदाला दहा-पंधरा ध्वनी काढतो.

आता तीन छोटे प्रयोग करून पाहा.

पहिला प्रयोग. गळ्यावर बोटे ठेवा आणि लांब 'सऽऽऽ' म्हणा. काही जाणवत नाही. आता 'मऽऽऽ' म्हणा. बोटांखाली गुणगुण जाणवेल. 'स' म्हणताना स्वरतंतू स्वस्थ असतात, 'म' म्हणताना ते कंप पावतात.

दुसरा प्रयोग. नाक चिमटीत घट्ट धरा आणि 'मामा' म्हणा. मामाचा जवळजवळ 'बाबा' होतो! आता नाक धरूनच 'पाटी' म्हणा. काहीच बिघडत नाही. 'म' साठी हवा नाकातून जावी लागते. 'प' आणि 'ब' साठी मात्र टाळूचा मागचा मऊ भाग वर उचलला जाऊन नाकाची वाट बंद करतो, आणि हवा ओठांमागे कोंडून मग सुटते.

तिसरा प्रयोग. कागदाची अरुंद पट्टी तोंडासमोर धरा. 'क' म्हणा, मग 'ख' म्हणा. 'ख' च्या वेळी पट्टी चांगलीच उडते. या जास्तीच्या फुंकरीलाच आपण महाप्राण म्हणतो.

हे प्रयोग केल्यावर आपली वर्णमाला काढून पाहा. 'क' म्हणताना जीभ मागे टेकते, 'च' ला थोडी पुढे, 'ट' ला आणखी पुढे, 'त' ला दातांशी, आणि 'प' ला तर ओठच मिटतात. प्रत्येक ओळीत आधी अल्पप्राण, मग महाप्राण, आणि शेवटी नाकातून जाणारा ध्वनी. म्हणजे जी वर्णमाला तुम्ही पहिलीत घोकली, ती तोंडाचा नकाशाच आहे. प्राचीन भारतीय व्याकरणकारांनी तो कान आणि जीभ एवढ्याच साधनांनी काढला. वाचोपचाराच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी हाच नकाशा पुन्हा शिकावा लागतो. फरक एवढाच, की त्याला एखाद्या मुलाच्या तोंडून चुकलेला ध्वनी ऐकून, जीभ नेमकी कोठे गेली असेल, ते ओळखता आले पाहिजे.

दुसऱ्या प्रयोगाचाही येथे उपयोग आहे. काही बाळांची टाळू जन्मतः दुभंगलेली असते. त्यांची हवा नाकातून निसटते. मग 'प', 'ब', 'त', 'क' यांसाठी हवा कोंडता येत नाही. शल्यविशारद टाळू शिवतो. पण नळ दुरुस्त झाला तरी जुनी सवय उरतेच. हवा तोंडातून काढण्याची नवी सवय लावणे हे वाचोपचारतज्ज्ञाचे काम.

बोलणे एक, भाषा दुसरी

१८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका नावाच्या शल्यविशारदाने एका रुग्णाची हकीकत शास्त्रज्ञांपुढे मांडली. या माणसाला लोक बोललेले बरेचसे समजे, पण त्याला स्वतःला 'तां' एवढेच म्हणता येई. मृत्यूनंतर त्याचा मेंदू तपासला, तेव्हा डाव्या अर्ध्या भागात, पुढील बाजूस, इजा आढळली. पुढे १८७४ साली जर्मन डॉक्टर कार्ल व्हेर्निके याने निराळ्याच प्रकारचे रुग्ण वर्णिले. ते घडाघडा बोलत, पण त्या बोलण्याला अर्थ नसे, आणि दुसऱ्याचे बोलणेही त्यांना नीट कळत नसे. त्यांच्या मेंदूतील इजा डाव्या बाजूसच, पण आणखी मागे होती. जीभ आणि ओठ धड असूनही भाषा हरवू शकते, हे यावरून कळले.

म्हणून या विषयाच्या विद्यार्थ्याला पाच-सहा प्रकारच्या अडचणी निरनिराळ्या ओळखाव्या लागतात. कोणाचा एखादा ध्वनी चुकतो. कोणाचा ओघ अडतो, म्हणजे तोतरेपणा. कोणाचा आवाजच बसतो. दिवसभर ओरडून शिकविणाऱ्या शिक्षकांना हा त्रास बराच होतो. कोणा लहान मुलाला भाषाच उशिरा येते. कोणा आजोबांची भाषा पक्षाघाताने जाते. आणि ऐकून नवल वाटेल, कोणाला घास गिळता येत नाही, तोही याच तज्ज्ञाकडे येतो. कारण सोपे आहे. गिळणे आणि बोलणे यांचे अवयव तेच. घास चुकून श्वासनलिकेत गेला, तर जिवावर बेतते.

शाळा कधी निघाल्या?

अमेरिकेत आयोवा विद्यापीठात १९२० नंतरच्या दशकात या विषयाचे पद्धतशीर शिक्षण सुरू झाले, आणि १९२५ साली तेथील तज्ज्ञांची संघटना स्थापन झाली. आपल्याकडे मुंबईत कर्णबधिर मुलांची शाळा एकोणिसाव्या शतकातच निघाली होती. परंतु वाचा आणि श्रवण यांचे तज्ज्ञ घडविणारे विद्यापीठीय शिक्षण येण्यास १९६० नंतरचे दशक उजाडावे लागले. १९६५ साली म्हैसूरला एक अखिल भारतीय संस्था सुरू झाली. तिने १९६७ साली आधी पदव्युत्तर वर्ग काढला आणि पदवीचा वर्ग १९६८ साली. हे उलटे वाटते ना? पण शिकविणारेच नसतील तर शाळा चालणार कशी? म्हणून आधी शिक्षक तयार केले.

महाराष्ट्राने मात्र सरळ पदवीपासून प्रारंभ केला. मुंबईत मुंबई सेंट्रलजवळ बा. य. ल. नायर रुग्णालय आहे. महानगरपालिकेच्या या रुग्णालयात, टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या जोडीने, १९६६ साली श्रवण व वाचोपचाराचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. पालिकेचे रुग्णालय म्हटले, की गिरणगावापासून कोकण-मराठवाड्यापर्यंतचे रुग्ण आलेच. पुस्तकातला धडा आणि समोरचा माणूस एकाच इमारतीत भेटू लागले. १९६७ साली भारतीय वाक् व श्रवण संघटना स्थापन झाली. पुढे ९ ऑगस्ट १९८३ रोजी मुंबईत वांद्रे येथे केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था निघाली. तिला अली यावर जंग यांचे नाव दिले आहे. ते महाराष्ट्राचे राज्यपाल होते आणि त्या पदावर असतानाच १९७६ साली त्यांचे निधन झाले. त्याआधी ते हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू होते, हे मराठवाड्यातील वाचकांना ठाऊक असावे. पुण्यातही भारती विद्यापीठात हे शिक्षण मिळते.

एक अडचण बरीच वर्षे होती. कोणीही पाटी लावावी आणि 'तोतरेपणा आठ दिवसांत घालवू' म्हणावे! १९९२ साली संसदेने भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा केला. मान्य अभ्यासक्रम पूर्ण करून या परिषदेकडे नाव नोंदविल्याशिवाय हा व्यवसाय करता येत नाही. म्हणून कोणाकडे जायचे झाल्यास, नोंदणी आहे काय, हे विचारण्यात काहीच गैर नाही.

काचेपलीकडचे गुरुजी

बारावीला विज्ञान घेतलेल्या विद्यार्थ्याला या पदवीला जाता येते. रूढ अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे. तीन वर्षे वर्ग आणि दवाखाना दोन्ही, आणि चौथे वर्ष पूर्णपणे प्रत्यक्ष सेवेचे. शरीररचना, मज्जासंस्था, ध्वनिशास्त्र, भाषाशास्त्र, मानसशास्त्र, संख्याशास्त्र, कान-नाक-घशाचे रोग, असे विषय असतात. भौतिकी, जीवशास्त्र आणि व्याकरण एकाच दप्तरात! त्यापुढे दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी. तेथे वाचा-भाषा ही शाखा घ्यायची, की श्रवण ही, ते ठरवावे लागते आणि एक प्रबंधही लिहावा लागतो. अमेरिकेत तर पदव्युत्तर शिक्षणाखेरीज हा व्यवसाय करता येत नाही. तेथे प्रमाणपत्रासाठी निदान ४०० तासांचे प्रत्यक्ष काम दाखवावे लागते. त्यातील २५ तास नुसते निरीक्षणाचे आणि ३७५ तास रुग्णाबरोबरचे. तासांचा असा हिशेब आपल्याकडेही विद्यार्थ्याला नोंदवहीत ठेवावा लागतो, आणि त्याखाली गुरुजींची सही लागते.

हे तास कसे जातात? अशा अनेक संस्थांत एक छोटी खोली असते. तिच्या एका भिंतीला मोठी काच बसविलेली असते. खोलीतून पाहिले तर तो आरसा दिसतो. पलीकडच्या अंधाऱ्या खोलीतून पाहिले तर आतले सगळे दिसते. विद्यार्थी आत मुलाबरोबर काम करतो, आणि काचेपलीकडे गुरुजी बसून टिपणे घेतात. मुलाला बुजायला होत नाही आणि विद्यार्थ्याची एकही चूक सुटत नाही.

समजा, एक आई चार वर्षांच्या मुलाला घेऊन आली आहे. मूल 'आई', 'पापा' असे चार-पाच शब्दच बोलते. आई म्हणते, "कान चांगले आहेत हो याचे. थाळी पडली तर लगेच वळतो. जीभ जड आहे एवढंच." नवखा विद्यार्थी उत्साहाने चित्रांची पुस्तके काढतो. तेवढ्यात गुरुजी आत येऊन विचारतात, "श्रवण तपासलेस काय?" विद्यार्थी गप्प होतो.

हा प्रश्न या शास्त्राचा पहिला धडा आहे. थाळीचा आवाज मोठा असतो. कमी ऐकणाऱ्या मुलालाही तो ऐकू येईल. शब्दांचे तसे नाही. 'आ', 'ओ' हे स्वर मोठ्याने उमटतात, पण 'स' चा ध्वनी क्षीण आणि उंच पट्टीचा, ४००० हर्ट्झच्याही वर जाणारा असतो. उंच पट्टीचे ऐकू न येणाऱ्या मुलाला हाक ऐकू येते, पण शब्द अर्धवट ऐकू येतात. जे ऐकलेच नाही ते जिभेवर कसे येणार? म्हणून आधी कान, मग जीभ. श्रवणमापक यंत्राने २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे सूर देऊन कोणता सूर किती डेसिबलला ऐकू येतो, त्याचा आलेख काढतात. तान्ह्या बाळाला तर 'ऐकू आले काय?' असे विचारताही येत नाही. मग ते झोपले असताना डोक्याला छोटे विद्युदग्र चिकटवून, ध्वनी ऐकल्यावर मेंदूकडे जाणारे संदेश टिपतात. बाळाला काहीही इजा होत नाही.

ही घाई कशासाठी? भाषा शिकण्यासाठी मेंदू पहिल्या काही वर्षांत सर्वाधिक तयार असतो. म्हणून तज्ज्ञांनी एक सोपा नियम घातला आहे, १-३-६. पहिल्या महिन्याच्या आत बाळाच्या श्रवणाची चाळणी, तिसऱ्याच्या आत पक्के निदान, आणि सहाव्याच्या आत उपायाला प्रारंभ. 'मामाही उशिराच बोलला होता' असे म्हणत चार वर्षे वाट पाहणाऱ्या घराने मुलाचा सर्वांत मोलाचा काळ दवडलेला असतो. जिभेला वेखंड घासून कान उघडत नाहीत.

पाणी की पानी?

आता एक कोडे. बिडकीनच्या शिवारातील एक मुलगी 'पाणी' ला 'पानी' म्हणते. शहरातून आलेला नवा विद्यार्थी नोंदवहीत लिहितो, 'ण उच्चारता येत नाही.' त्याचे निदान बरोबर आहे काय?

बहुधा नाही! तिची आई, आजी आणि शेजारी 'पानी' असेच म्हणत असतील, तर तिने आपली बोली बिनचूक उचलली आहे. तो दोष नव्हे, तो तिच्या घरच्या भाषेचा नियम आहे. तिला आजारी ठरविणे म्हणजे सगळ्या गावाला आजारी ठरविणे होय. घरी सगळे 'ण' म्हणत असून ती एकटीच 'न' म्हणत असेल, तरच पुढे विचार करायचा. तिसऱ्या वर्षी 'राजा' ला 'लाजा' म्हणणे हेही स्वाभाविक असते. 'र' हा उशिरा येणाऱ्या ध्वनींपैकी आहे. सात-आठ वर्षांचे मूल तसेच बोलू लागले, तर तपासणी करावी.

म्हणूनच इंग्रजीतील कसोटी उचलून तिचे मराठी भाषांतर केले, तर काम भागत नाही. आपल्याकडे 'ळ' आहे. 'काळा' आणि 'काला', 'वेळ' आणि 'वेल' यांत एका ध्वनीने अर्थ पालटतो. आपला 'च' ही दोन प्रकारचा आहे. 'चार' म्हणजे संख्या आणि 'चारा' म्हणजे वैरण, हे शब्द एकामागून एक म्हणून पाहा. जीभ निराळ्या जागी टेकते, पण लिहिताना अक्षर एकच. शिवाय चित्रेही ओळखीची हवीत. ज्याने बर्फातील घसरगाडी कधी पाहिलीच नाही, तो तिचे नाव सांगू शकला नाही तर त्यात त्याच्या भाषेचा काय दोष? त्याला विळा, बैल, कापूस, मोसंबी दाखवा. मराठी मुलांसाठी अशा कसोट्या घडविणे आणि त्या शेकडो मुलांवर पारखून पाहणे हे संशोधनाचे काम आहे, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतून ते थोडे थोडे पुढे सरकते.

प्रतिज्ञेचे गूढ

आता आपल्या आठवीतल्या मित्राकडे वळू. तोतरेपणा बहुधा दोन ते पाच वर्षांच्या वयात सुरू होतो. लहानपणी शंभरांतील सुमारे पाच मुले काही काळ अडखळतात. त्यांपैकी बहुतेकांचे अडखळणे आपोआप थांबते, आणि मोठ्या माणसांत शंभरांत एकाचे उरते. मुलींपेक्षा मुलग्यांत ते अधिक आढळते. त्यात आनुवंशिकतेचा वाटा असतो, आणि बोलण्याच्या हालचालींची वेळ जुळविणारी मेंदूची यंत्रणा थोडी निराळी चालते, असे संशोधनातून दिसले आहे. म्हणजे हा मुलगा भित्रा आहे म्हणून अडखळत नाही. अडखळण्याला लोक हसतात म्हणून तो भितो, आणि भीतीने अडखळणे वाढते. दुसऱ्याची नक्कल करून तोतरेपणा लागतो, हाही गैरसमज आहे.

मग प्रतिज्ञेत तो का अडखळला नाही? अनेकांनी एकदम म्हटलेल्या शब्दांत बहुतेक तोतऱ्या व्यक्ती अडखळत नाहीत. गाताना किंवा तालावर बोलतानाही असेच होते. आजूबाजूचे आवाज आणि ताल पुढच्या ध्वनीची वेळ बाहेरून पुरवितात, त्यामुळे आतल्या यंत्रणेवरचा भार हलका होतो, असे मानतात. याचे नेमके कारण शोधण्याचे काम अजून चालू आहे.

या विषयाच्या विद्यार्थ्यांना काही ठिकाणी एक गमतीदार, पण कठीण अभ्यास देतात. बाजारात जायचे, मुद्दाम अडखळत दुकानदाराला भाव विचारायचा आणि मनाला काय वाटले ते लिहून काढायचे. पाच मिनिटांत कपाळाला घाम येतो. ज्याला रोज असेच बोलावे लागते त्याचे काय होत असेल, ते मग पुस्तक न वाचताही कळते.

उपचार म्हणजे जादू नव्हे. शब्दाचा प्रारंभ हलका करणे, श्वास आणि आवाज जुळविणे, अडखळण्याच्या क्षणी झटापट न करता तो शब्द सैल सोडणे, आणि बोलण्याची भीती पायरीपायरीने कमी करणे, हे आठवड्यांमागून आठवडे चालते. काहींचे अडखळणे खूप कमी होते. काहींचे उरते, पण ते निर्धास्तपणे बोलू लागतात, आणि तेही यशच आहे.

गावापासून तज्ज्ञापर्यंत

बिडकीनसारख्या गावातून वाट कशी काढायची? २०१३ सालापासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. त्यातील आरोग्य पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांत एकदा मुलांची तपासणी करण्यासाठी येतात. श्रवणदोष, दुभंगलेली टाळू आणि उशिरा येणारी भाषा या गोष्टी त्यांच्या यादीत आहेत. शंका आली तर पथक मुलाला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठविते. छत्रपती संभाजीनगरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, ज्याला सगळा मराठवाडा 'घाटी' म्हणतो. तेथील कान-नाक-घसा विभागात कानाची तपासणी करून घेता येते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा आणि भाषेचे दिव्यांगत्व स्वतंत्रपणे नोंदले आहे, त्यामुळे पात्र मुलांना सवलती मिळू शकतात.

तरीही एक प्रश्न उरतोच. उपचार एका दिवसाचा नसतो. दर आठवड्याला शहरात जायचे म्हणजे बसभाडे आले आणि आई-वडिलांची एका दिवसाची मजुरी बुडाली. दोन महिने माणसे येतात, मग येईनाशी होतात. म्हणून विद्यार्थ्याला शेवटच्या वर्षात एक गोष्ट कसून शिकवितात, ती म्हणजे आपली विद्या आईला देऊन टाकणे. भाकरी थापताना, पाणी भरताना, शेळी सोडताना मुलाशी काय आणि कसे बोलायचे, कोठे थांबून त्याच्या उत्तराची वाट पाहायची, हे आई शिकली, की आठवड्याचा एक तास दिवसाचे दहा तास होतो. करोनाच्या साथीपासून दूरध्वनीवरील चित्रसंवादानेही हे मार्गदर्शन होऊ लागले आहे.

यासाठी गावची बोली जाणणारे तज्ज्ञ पाहिजेत. आईने 'लेकरू बोलंना झालंय' म्हटल्यावर ज्याला तिचे शब्द कळतात आणि जो तिच्याच शब्दांत तिला उत्तर देऊ शकतो, त्याच्याकडे ती पुन्हा येते. मित्रांनो, विज्ञान शाखेला जाणारे पुष्कळजण डॉक्टर किंवा इंजिनिअर एवढ्या दोनच वाटा पाहतात. ही तिसरी वाटही लक्षात ठेवा. मराठवाड्याची बोली तुम्हांला येते, हे तेथे तुमचे उणे नव्हे, अधिक आहे.

पण त्यासाठी पाच-सहा वर्षे थांबण्याची गरज नाही. एक काम तुम्ही उद्याच करू शकता. वर्गात कोणी अडखळले, तर त्याचा शब्द तुम्ही पुरा करू नका. 'सावकाश बोल', 'श्वास घे' असेही सांगू नका. ते त्याने हजारदा ऐकलेले असते. त्याच्याकडे शांतपणे पाहा आणि थांबा. शिक्षकांनाही विनंती आहे, की तोंडी परीक्षेत अशा विद्यार्थ्याला घड्याळ लावू नये. हजेरी घेताना त्याने नुसता हात वर केला, तरी ती हजेरीच असते.

घड्याळात पाहून ठेवा. अडलेला शब्द सुटायला बहुतेक वेळा पाच-दहा सेकंदांहून अधिक लागत नाहीत. तेवढा वेळ वर्ग थांबला असता, तर आपल्या मित्राने 'कार्बन डायऑक्साइड' हे उत्तर पुरे केले असते. आणि ते बरोबर होते.